औषधाच्या पाकिटावर असते तशी फोनच्या खोक्यावर 'शेवटची तारीख' हवी की नको?

चिपळूणकरीण

आईचा फोन 2020 च्या दिवाळीत घेतला. करोनामुळे तिचं बँकेत जाणं बंद झालं होतं, पेन्शन जमा झाली की नाही हे घरबसल्या कळावं एवढाच हेतू. अकरा हजारांचा फोन. तिने तो कापडी पिशवीत जपून ठेवला, काचेवर एक चरा नाही. फोन येतात, जातात, नातवंडं दिसतात, आवाज खणखणीत आहे. गेल्या महिन्यात बँकेचं ॲप म्हणालं, तुमच्या फोनची प्रणाली जुनी झाली आहे, आता ॲप चालणार नाही.

मी खोलात गेले तेव्हा कळलं की कंपनीने या मॉडेलला दोन वर्षं अपडेट देण्याचं कबूल केलं होतं. पण ती दोन वर्षं आम्ही फोन घेतल्या दिवसापासून मोजायची नाहीत, मॉडेल बाजारात आल्या दिवसापासून मोजायची. ते मॉडेल 2019 च्या सुरुवातीचं होतं. आम्ही दिवाळीच्या सवलतीत घेतलं तेव्हा त्याचं जेमतेम काही महिन्यांचं आयुष्य शिल्लक होतं, आणि सवलत त्यामुळेच होती. दुकानदाराने कॅमेरा किती मेगापिक्सेल ते सांगितलं, मेमरी किती ते सांगितलं. हे एक सांगितलं नाही, आणि खोक्यावरही कुठे छापलेलं नव्हतं.

आपण पाच रुपयांचं बिस्कीट घेतो त्यावर तारीख असते. अकरा हजारांच्या वस्तूवर का नसावी? माझी मागणी एवढीच: 'या फोनला सुरक्षा अपडेट अमुक महिन्यापर्यंत मिळतील' हे खोक्यावर ठळक अक्षरात छापणं सक्तीचं करा. आईला नवा फोन घेऊन देणं मला जमेल. पण तिने विचारलं, "मी काय बिघडवलं गं?" ते मनातून जात नाही.

कोडवाला, पुणे

ताई, आईंचं वाईट वाटलं. पण बँकेने जे केलं ते बरोबर केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. मी पैशांच्या व्यवहारांची ॲप बनवतो.

अँड्रॉइडच्या त्रुटी 2015 पासून दर महिन्याला जाहीर होतात आणि बुजवल्याही जातात. ज्या फोनला अपडेट येत नाही तिथे त्या उघड्याच राहतात, आणि कुठे काय उघडं आहे हे चोरांना त्याच यादीतून कळतं. लग्नपत्रिका किंवा वाहतूक चलन म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल, येते, माणूस ती दाबतो, ती परवानग्या मागते आणि ओटीपी वाचायला लागते. अँड्रॉइड 13 पासून असं बाहेरून आलेलं ॲप सहजासहजी त्या धोकादायक परवानग्या घेऊ शकत नाही, मध्ये अडसर घातला आहे. जुन्या फोनमध्ये तो अडसर नाही. पेन्शनच्या खात्यासाठी असा फोन मी माझ्या आईच्या हातात ठेवणार नाही.

लोक म्हणतात, जुन्या फोनसाठीही ॲप चालू ठेवा. ठेवलं आणि पैसे गेले तर तेच लोक बँकेला विचारतात, तुम्ही चालू का ठेवलं?

सोयाबीनवाला

कोडवाले दादा, तुमचं पुण्यात बरोबर असेल. आमच्याकडे या.

2021 पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानेच करायची आहे. ई-पीक पाहणीचं ॲप घ्यायचं, बांधावर उभं राहायचं, जीपीएस लावायचं, पिकाचा फोटो काढून चढवायचा. नोंद झाली नाही तर सातबाऱ्यावर पीक चढत नाही, आणि सातबाऱ्यावर पीक नाही म्हणजे हमीभावाच्या केंद्रावर माल घालायचा वांधा. 2023 च्या खरिपातल्या सोयाबीन-कापसाला हेक्टरी 5000 रुपये जाहीर झाले तेव्हाही आधी याच नोंदीची अट होती. ओरड झाली म्हणून ती सैल करावी लागली.

माझा फोन सहा वर्षांचा आहे. ॲपची नवी आवृत्ती घेतली की हँग होतो. बांधावर नेटवर्क नाही, घरी नेटवर्क आहे तर जीपीएस म्हणतं तुम्ही शेतात नाही. तीन हेलपाटे झाले. शेवटी शेजारच्या पोराच्या फोनवर नोंद केली. त्याच्याच फोनवर आमच्या वस्तीतल्या आठ-नऊ जणांची नोंद झाली आहे.

ज्या दिवशी सरकारने सातबारा फोनमध्ये घातला त्या दिवशी फोन ही हौसेची चीज राहिली नाही. मग तो किती वर्षं चालावा हे कंपनीच्या मर्जीवर कसं सोडायचं? तारीख छापा म्हणणाऱ्या ताईंना माझा पाठिंबा.

दुरुस्तीचं टेबल

मी तालुक्याच्या गावी सोळा वर्षं मोबाइल दुरुस्त करतो. ताईंचा त्रास खरा आहे, पण उपाय उलटा पडेल.

तारीख छापली की काय होईल सांगतो. आज माझ्याकडे सात वर्षांचा फोन घेऊन माणूस येतो, चार्जिंगची पट्टी बदलतो, बॅटरी बदलतो आणि आणखी दोन वर्षं काढतो. त्याला माहीतच नाही की त्याचे अपडेट कधीच थांबलेत, आणि तो फक्त बोलतो आणि गाणी ऐकतो, त्यामुळे त्याचं काही अडतही नाही. खोक्यावर 'शेवटची तारीख' वाचली की हाच माणूस त्या महिन्यात चांगला फोन कपाटात टाकून देईल. दह्याच्या डब्यावरची तारीख उलटली की आपण वास तरी घेतो का, सरळ फेकतो. कंपन्यांना आणखी काय हवं? जुन्या फोनची किंमतही बसेल. माझी निम्मी गिऱ्हाइकं जुना फोन घेणारी आहेत: गवंडी, ऊसतोडीला जाणारी माणसं, कॉलेजची मुलं.

खरं दुखणं बॅटरी आणि सुटे भाग आहे. दहापैकी चार फोन माझ्याकडे बॅटरीसाठी येतात. मागचं झाकण गोंदाने चिकटवलेलं असतं. हीट गनने तापवून, पातळ पत्ती घालून उघडावं लागतं, काच तडकली तर नुकसान माझं. अस्सल बॅटरी कंपनी आम्हाला विकत नाही. मग कॉपी बॅटरी घालावी लागते, ती वर्षभरात फुगते आणि शिव्या मला बसतात. मागायचंच असेल तर सुटे भाग मागा.

जुनी नोकियावाली

बॅटरीचा विषय निघाला म्हणून. 2007 च्या ऑगस्टमध्ये नोकियाच्या बीएल-5सी बॅटरीचा गोंधळ आठवतो का? तापण्याचा धोका निघाला म्हणून 4 कोटी 60 लाख बॅटऱ्या बदलून द्यायचं कंपनीने जाहीर केलं. आपल्याकडेही घबराट झाली होती, सेंटरबाहेर रांगा लागल्या. पण करायचं काय होतं? नखाने झाकण काढायचं, बॅटरीवरचा नंबर वाचायचा, त्यात बसत असेल तर नवी घ्यायची. फोन तोच राहिला.

2016 मध्ये सॅमसंगच्या नोट 7 ची बॅटरी पेट घ्यायला लागली, तेव्हा बॅटरी आत बंद होती. त्यामुळे अख्खा फोनच परत मागवावा लागला, विमानात न्यायला बंदी झाली आणि ते मॉडेलच संपलं. नऊ वर्षांत आपण झाकण गमावलं, आणि ते कुणी आपल्याला विचारून काढलं नव्हतं.

मधली फळी

झाकण गेलं त्याबरोबर पाण्यात पडून फोन मरायचेही कमी झाले, हे कुणी बोलत नाही. मुंबईच्या पावसात लोकलने रोज फिरणाऱ्या माणसाला विचारा. मला पाणी सोसणारा बंद फोन हवा आहे.

आणि पैशांचंही बोला. सात वर्षं अपडेट हवेत तर ते आज मिळतात. गुगलने 2023 मध्ये आणि सॅमसंगने 2024 मध्ये वरच्या मॉडेलांना सात वर्षं कबूल केली आहेत. पण ते फोन कितीला आहेत? आठ हजारांच्या फोनवर सात वर्षांची सक्ती केली तर तो आठ हजारांचा राहणार नाही. आमच्या घरी काम करणाऱ्या मावशींनी हप्त्यांवर फोन घेतला, मुलीच्या अभ्यासासाठी. त्यावर 18 टक्के जीएसटी आहेच, तो 2020 पर्यंत 12 होता. त्यांच्यासाठी हजार रुपयेसुद्धा दोन हप्ते असतात.

श्टुटगार्टहून

इथे जर्मनीत 20 जून 2025 पासून नियम लागू झाला आहे, म्हणून लिहिते. युरोपीय संघात विकायच्या नव्या फोनला, त्या मॉडेलची विक्री थांबल्यावर निदान पाच वर्षं अपडेट द्यावे लागतात. मोजणी विक्री थांबल्यापासून आहे, बाजारात आल्यापासून नाही. चिपळूणच्या ताईंची तक्रार नेमकी इथेच सुटते. सुटे भाग सात वर्षं मिळाले पाहिजेत, आणि बॅटरी 800 वेळा चार्ज करूनही 80 टक्के तरी राहिली पाहिजे. दुकानात फोनशेजारी फ्रिजला असतं तसं रंगीत लेबल असतं, त्यात दुरुस्तीला किती सोपा हेही अक्षराने लिहिलेलं असतं.

मी दिवाळीत नवऱ्यासाठी फोन घेतला तो ते अक्षर बघून. दुरुस्तीवाले दादांची भीती मला पटत नाही, कारण लेबल बघून लोक फोन फेकत नाहीत, घेताना निवडतात.

दुरुस्तीचं टेबल

ताई, विक्री थांबल्यापासून मोजणं हे मला माहीत नव्हतं. ते असेल तर गोष्ट वेगळी. पण सात वर्षं सुटे भाग त्यांच्या सेंटरलाच मिळाले आणि मला नाही, तर आमच्या तालुक्याला उपयोग शून्य. सेंटर इथून सत्तर किलोमीटर आहे. फोन ठेवून घेतात, आठ दिवसांनी बोलावतात, दोन दिवसांची मजुरी जाते.

अंगणवाडीची ताई

मी इथे बोलावं की नाही विचार करत होते. तुम्ही सगळे फोन निवडण्याबद्दल बोलताय. आम्हाला निवडायला मिळालाच नाही.

आम्हाला कामासाठी सरकारी फोन दिले होते, 2 जीबी रॅमचे. मग 2021 मध्ये पोषण ट्रॅकर हे केंद्र सरकारचं ॲप आलं. बाळाचं वजन, उंची, हजेरी, आहार, गरोदर बाईची नोंद, सगळं त्यात भरायचं. ॲप मोठं आणि फोन छोटा. फोटो पुसा, गाणी पुसा, तरी जागा नाही. फोन तापायचा, अर्धवट भरलेलं उडून जायचं. शिवाय आमच्यातल्या कित्येकींना इंग्रजीतलं ॲप वाचता येईना. दुरुस्तीचा खर्चही काहींनी पदरचा केला. शेवटी त्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते फोन परत केले, 'मोबाइल वापसी' म्हणून.

म्हणून मला वाटतं, खोक्यावर तारीख छापून माझ्यासारखीचं काही होणार नाही. सरकार आणि बँक ज्या ॲपशिवाय काम अडवतात ते हलकं असलं पाहिजे. आमच्या बायांच्या हातात जो फोन आहे तो समोर ठेवून ते बनवा. आणि ॲप नाही चालत म्हणून वही तरी उघडी ठेवा. वहीत मी कधी चुकले नाही.

कोडवाला, पुणे

ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या कार्यालयात चाचणीसाठी जे फोन ठेवलेत त्यात तीन वर्षांहून जुना एकही नाही. सोमवारी मी हा मुद्दा मांडणार आहे.

पण सुरक्षेच्या बाबतीत मी हटत नाही. बँकेचं ॲप आणि हजेरीचं ॲप यांत फरक करायला हवा. हजेरी हलकी करा, जुन्या फोनवर चालू द्या. पैसे मात्र तसे चालवता येणार नाहीत.

ग्राहक मंच

कामाचं थोडं. आपल्याकडे केंद्राने 24 डिसेंबर 2022 ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती तिथे द्यायची आहे, पण सक्ती नाही. दुरुस्ती किती सोपी याचा निर्देशांक ठरवायला नेमलेल्या समितीने मे 2025 मध्ये अहवाल दिला आहे, त्यात मोबाइल आहेत. म्हणजे मागणी करायची वेळ हीच आहे.

अपडेटनंतर पडद्यावर हिरवी रेघ आली, वॉरंटीत असून कंपनीने हात वर केले, अशांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवावी. नंतर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दावा करता येतो. बिल मात्र जपून ठेवा. शाई उडते, म्हणून पहिल्याच दिवशी फोटो काढा.

मधली फळी

किमतीवर कुणीच उत्तर दिलं नाही.

सोयाबीनवाला

मी देतो. मावशींनी आठ हजारांचा फोन तीन वर्षांत बदलला तर सहा वर्षांत सोळा हजार गेले. दहाचा घेऊन सहा वर्षं चालला तर सहा वाचले. बैल घेताना आम्ही दात बघतो ते उगाच नाही.

मधली फळी

दहा एकदम जमवायला होत नाहीत म्हणूनच आठचा घेतात, दादा. हिशोब तुमचा बरोबर, पण पहिल्या महिन्यात ते दोन हजार आणायचे कुठून? सक्तीच्या आधी याचं उत्तर हवं. नाहीतर फोन टिकाऊ होईल आणि मावशी त्याच्या बाहेर राहतील.

चिपळूणकरीण

सगळं दोनदा वाचलं. सात वर्षांची सक्ती मी मागितली नव्हती, आताही मागत नाही. स्वस्त फोन दोनच वर्षं सांभाळणार असाल तर तसं लिहा. मावशींना निदान कळेल की आठ हजारांत काय मिळतंय, आणि दिवाळीच्या सवलतीत मिळणारं मॉडेल संपत आलेलं आहे की नाही. लिहिण्याला पैसे लागत नाहीत. दुरुस्तीवाले दादांसाठी शब्द बदलते: 'शेवटची तारीख' नको, 'अपडेटची हमी अमुक महिन्यापर्यंत' असं असू दे. हमी म्हटलं की जबाबदारी कंपनीची, आणि फोन फेकायचं कुणाच्या मनात येणार नाही.

अंगणवाडीच्या ताईंचं मात्र माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आईचंही तेच आहे. शनिवारी तिला घेऊन बँकेत गेले. खिडकीवरच्या मुलाने पासबुक भरून दिलं, पाच मिनिटं लागली. पेन्शन जमा होती. तिने तिथेच पासबुकात बोट ठेवून तीन महिन्यांच्या नोंदी वाचल्या.

फोन तिच्याकडेच आहे, पैशांसाठी आता वापरणार नाही. दुरुस्तीवाले दादा, बॅटरी दुपारपर्यंतच टिकते. अस्सल मिळण्यासारखी असेल तर मॉडेल नंबर कळवते.

दुरुस्तीचं टेबल

कळवा. मिळाली तर सांगतो, नाही मिळाली तर तेही सांगतो. कॉपी तुमच्या आईच्या फोनला घालणार नाही.