मदत हवी आहे: बंद रेल्वेमार्गावरच्या ग्रीनवेसाठी शेजाऱ्यांना कसे सोबत घ्यावे?

रानजाई
नमस्कार. आमच्या गावाजवळून गेलेल्या आणि कित्येक दशके बंद असलेल्या रेल्वेमार्गावर पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी ग्रीनवे व्हावा, म्हणून आम्ही काही रहिवाशांनी समिती स्थापन केली आहे. पहिल्या सभेला साठ माणसे आली, दुसऱ्या सभेला अकरा, आणि ज्यांची शेते या मार्गाला लागून आहेत त्यांच्यापैकी दोन्ही वेळा कोणीही आले नाही. येत्या गुरुवारी तिसरी सभा आहे. त्यांना कसे बोलवावे आणि त्यांच्यापुढे काय मांडावे, हे कृपया लवकर सांगा.

मोजणीदार
हा मार्ग कोणत्या देशातला आहे आणि रूळांखालची जमीन आज कोणाच्या नावावर आहे, हे आपण लिहिलेले नाही. बंद पडलेल्या रेल्वेची जमीन पुष्कळदा तुकड्यातुकड्याने विकली जाते. तसे झाले असेल, तर ज्यांना आपण शेजारी म्हणता तेच या मार्गाचे मालक असतील आणि सभेचा विषयच बदलेल.

ब्रिस्टलकर
सभा कमी घ्या आणि फावडी हातात घ्या, असा माझा आग्रह आहे. आमच्याकडचा, इंग्लंडमधील ब्रिस्टल ते बाथ या शहरांना जोडणाऱ्या बंद रेल्वेवरचा, हा सुमारे २१ किलोमीटरचा मार्ग १९७७ मध्ये स्थापन झालेल्या ‘सायकलबॅग’ या स्थानिक गटाच्या पुढाकाराने १९७९ ते १९८६ या काळात टप्प्याटप्प्याने झाला आणि त्याचा सुरुवातीचा भाग स्वयंसेवकांनी स्वतः राबून तयार केला. ज्याने आपल्या हाताने खडी पसरली, तो माणूस त्या वाटेला आपली मानतो.

रानजाई
क्षमस्व, घाईत राहून गेले. आम्ही आयर्लंडमधील मेयो काउंटीत राहतो. रूळ उखडल्यावर बरीच जमीन लगतच्या शेतकऱ्यांकडे गेली आणि आज तिच्यावर गुरे चरतात. सभेपूर्वी आम्ही प्रत्येकाच्या घरी नकाशा पाठवला होता आणि त्यावर मार्गाची रेघ आखलेली होती.

पाऊसपाणी
रानजाई, ती रेघच त्यांना खटकली असावी. आपल्या शेतातून गेलेली रेघ दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर प्रथम पाहणाऱ्या माणसाला सभेत विचारण्यासारखे काही उरत नाही.

उत्तर आपल्याच काउंटीत आहे. वेस्टपोर्ट ते अकिल ही रेल्वे १९३७ मध्ये बंद झाली आणि तिची जमीन खासगी मालकीत गेली, तरीही त्याच वाटेवर ४२ किलोमीटरचा ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे उभा राहिला. न्यूपोर्ट ते मुलरनी हा टप्पा २०१० मध्ये आणि संपूर्ण मार्ग त्यानंतरच्या वर्षी खुला झाला. तिथे शेतकऱ्यांकडे जमीन मागितली नाही, केवळ लोकांना जाऊ देण्याची परवानगी मागितली. मालकी त्यांचीच राहिली. आज आपण जाऊ दिले तर उद्या वहिवाटीचा हक्क सांगितला जाईल, ही भीती आपल्या गावाकडच्या शेतकऱ्यालाही असते. परवानगी लेखी असेल तर तो हक्क निर्माण होत नाही, हे त्यांना सर्वांत आधी सांगा. कोणी पडून जखमी झाले तर काय, हा त्यांचा दुसरा प्रश्न असेल. १९९५ च्या ऑक्युपायर्स लायबिलिटी कायद्यानुसार विरंगुळ्यासाठी आलेल्या माणसाबाबत मालकाची जबाबदारी मर्यादित आहे: त्याने मुद्दाम इजा करू नये आणि बेपर्वाईने वागू नये.

शकुंतलेचा_प्रवासी
ताई, माझे मत वेगळे आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या आमच्या शकुंतला रेल्वेची गाडी बंद पडली, तरी लोकांची मागणी ब्रॉडगेजची आहे. तिथे कोणी सायकलमार्गाचा प्रस्ताव आणला, तर गाडी कायमची गेली असाच त्याचा अर्थ लोक घेतील. रेल्वेची वाट रेल्वेसाठीच राखली पाहिजे.

मोजणीदार
रानजाईंनी गाडी परत आणण्याविषयी विचारलेले नाही, पण ही शंका त्यांच्या गावातही निघेल. अमेरिकेत १९८३ पासून कायद्याने अशी सोय आहे की मार्ग भविष्यातील रेल्वेसाठी राखून मधल्या काळात त्याची पायवाट करता येते; तरीही काही जमीनमालकांनी भरपाईसाठी दावे केले. मेयोत जमीनच विकली गेली असल्यामुळे ती सोय इथे लागू पडत नाही. ब्रिस्टलकरांचे फावडेही इथे चालणार नाही, कारण परक्या शेतात ते अतिक्रमण ठरेल.

ब्रिस्टलकर
अतिक्रमण करा असे मी म्हटले नव्हते. परवानगी मिळाल्यानंतर कुंपणे आणि फाटके दुरुस्त करायला समितीतील माणसांनी जावे, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि त्यावर मी ठाम आहे.

पाऊसपाणी
हे मात्र मला मान्य आहे. आयर्लंडमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रीनवेविषयक आचारसंहितेतही सक्तीच्या संपादनापूर्वी संमतीचा मार्ग पाहण्यावर भर आहे. गुरे कोणत्या वेळी ओलांडतात, फाटक कोणत्या बाजूला उघडावे, कुत्र्यांचे काय करावे, हे प्रत्येक शेतकऱ्याला वेगवेगळे विचारावे लागेल आणि एका सभेत ते होणार नाही.

रानजाई
सर्वांचे मनापासून आभार. गुरुवारची सभा आम्ही पुढे ढकलली आहे आणि नकाशा बाजूला ठेवला आहे. ज्यांच्या शेतात जुन्या फलाटाचे दगड अजून शिल्लक आहेत, त्या वृद्ध गृहस्थांकडे शनिवारी सकाळी दूध काढून झाल्यावर जाण्याचे ठरले आहे. अशा लेखी परवानगीचा मसुदा कोणी पाहिला असेल, तर तो किती वर्षांसाठी असतो आणि शेतकऱ्याला तो मध्येच रद्द करता येतो का, हे शुक्रवारपर्यंत सांगाल का? हा प्रश्न ते नक्की विचारतील.