शाळेत कुस्ती खेळणारा मुलगा पुढे कोच होऊ शकतो का?

डिचोलीची आई: मुलगा नववीत, ४८ किलो गटात खेळतो. म्हणतो, मोठेपणी कोचच होणार. त्याला कोल्हापूरला तालमीत ठेवावं का?

जुना गडी, पेडणे: ताई, मीही शाळेतूनच सुरुवात केली. मग कोल्हापूर: पहाटे जोर-बैठका, नंतर मातीत लढती. पण शालेय स्पर्धा मॅटवर असतात, तिथलं गणित वेगळं. त्याच्या वयाच्या मुलांना दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या. खाली पाडून ताबा घेतला की दोन गुण, फ्रीस्टाइलमध्ये (पायही धरता येतात तो प्रकार) दहाची आघाडी झाली की कुस्ती संपली. मातीत दम धरून वाट बघायची सवय लागली, तर मॅटवर पंच ताकीद देतात. माझा गुडघा गेला आणि खेळणं थांबलं. मग पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून (एनआयएस) कोचिंगचं शिकून आलो. आता पोरांना शिकवतो. सुरुवातीला नुसतं पडायला शिकवतो, डाव नंतर. पालक कुरकुरतात, कुरकुरू देत!

फोंड्याचा वाचक: मॅटचं खरंय. खाशाबा जाधव १९४८ला लंडन ऑलिंपिकला मॅटची सवय नसताना सहावे आले, १९५२ला हेलसिंकीत कांस्य.

डिचोलीची आई: दादा, त्याला ४५ किलोत उतरवायला सांगतायत.

जुना गडी, पेडणे: मुळीच नको! वाढतं वय आहे, पाणी तोडून वजन उतरवू नका. पेज, मासळी, अंडी चालू ठेवा. कोल्हापूरचं दहावीनंतर बघू. तोवर रविवारी आमच्याकडे पाठवा, मॅट आहे.