मदत हवी आहे: आरसिसलॉग (लॉग गोळा करून पुढे पाठवणारा प्रोग्राम) रॅम खातोय आणि सोडतच नाही, लीक (काम झालं तरी मेमरी मोकळी न करणं) आहे का?

नमस्कार मंडळी. वेर्ण्याच्या ऑफिसात एक जुनं मशीन आहे, डेबियन 12, रॅम 2 जीबी, काम एकच, स्विच-फायरवॉलचे लॉग आरसिसलॉगने गोळा करून पणजीच्या सर्व्हरला टीसीपीवर ढकलायचे. वर्षभर कोणी त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. पाऊस सुरू झाल्यापासून मात्र तीनदा ओओएम किलरने (रॅम संपली की कर्नल प्रोसेस मारतो तो) आरसिसलॉगचा डीमन, म्हणजे मागे चालणारी प्रोसेस, उडवला. रीस्टार्ट केलं की आरएसएस (प्रोसेसने प्रत्यक्ष धरलेली रॅम) 10 एमबीच्या आसपास, काही दिवस तिथेच, मग एका रात्रीत 700-800, एकदा तर 1.4 जीबी, आणि सकाळी बघावं तर लॉग व्यवस्थित पणजीला पोचतायत पण रॅम खाली यायचं नाव नाही.

वॅलग्राइंड (लीक शोधायचं टूल) लावून बघितलं, दोन तास चालवलं, मशीन रांगायला लागलं आणि हाती काहीच नाही. साहेब म्हणतात रोज पहाटे क्रॉनने (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) रीस्टार्ट मार आणि गप बस. मला ते पटत नाही.

फॉरवर्डिंगच्या अ‍ॅक्शनला लिंक्डलिस्ट क्यू (न गेलेल्या मेसेजची रॅममधली रांग) आहे, साइझ 20 लाख मेसेज (मीच टाकलीय, एकही लॉग जाऊ नये म्हणून), रिट्राय उणे 1. चवथ जवळ आलीय, तीन दिवस ऑफिसात काळं कुत्रं नसणार, तेव्हा जरा लवकर सांगा.

प्रतिसाद 1:
त्या रात्री लिंक पडली होती का ते आधी बघा.

धागाकर्ता:
पडली होती! तिन्ही वेळा. वीज गेली की मधला राउटर बसतो. पण लिंक आल्यावर रॅम सुटायला नको का?

प्रतिसाद 2:
नाही सुटत, आणि इथेच सगळे फसतात. पणजी बंद असताना रिट्राय उणे 1 म्हणजे कायम प्रयत्न करत राहा, तोवर येणारा प्रत्येक मेसेज रॅममध्येच. मेसेजला किलोबाइटभर धरा, 20 लाख म्हणजे 2 जीबी, तुमची पूर्ण रॅम. क्यू रिकामी झाली की आरसिसलॉग मेमरी फ्री करतो, पण जीलिबसी (प्रोग्रामला मेमरी वाटणारी सी लायब्ररी) ती लगेच कर्नलला परत देत नाही, स्वतःच्या अरीनांमध्ये, म्हणजे राखीव साठ्यांत, ठेवते, पुढच्या वेळी वापरायला. म्हणून आरएसएस फुगलेला दिसतो.

लीक आहे की नाही ते घरीच कळेल. इम्पस्टॅट्स मॉड्यूल चालू करा, क्यूची साइझ लॉगमध्ये येते. मग नेहमीचा ट्रॅफिक कमी असताना पणजीकडे जाणारं पोर्ट ब्लॉक करून लॉगर कमांडने 2 लाख मेसेज सोडा, आरएसएस लिहून ठेवा, ब्लॉक काढा, क्यू शून्यावर आली की परत तेच करा. दुसऱ्यांदा आकडा तिथेच थांबला तर लीक नाही. दर वेळी तेवढाच वर चढत गेला तर खरा लीक, मग वॅलग्राइंड काढा.

आणि हो, नुसतं क्यू फाइलनेम टाकून डिस्कची सोय केलीत तर उपयोग नाही! हाय वॉटरमार्क (ज्या पातळीनंतर डिस्कवर लिहिणं सुरू होतं ती) डीफॉल्टने साइझच्या 90 टक्क्यांवर असतो, म्हणजे तुमच्याकडे 18 लाख मेसेज साठल्याशिवाय डिस्कवर काहीच जाणार नाही, त्याच्या आधीच ओओएम. साइझ 50 हजारवर आणा, मॅक्स डिस्क स्पेस द्या, सेव्ह ऑन शटडाउन चालू ठेवा. हे शेवटचं नसेल तर साहेबांच्या क्रॉनने क्यूतला माल गेलाच म्हणून समजा.

धागाकर्ता:
केलं. पहिल्यांदा 210 एमबी, दुसऱ्यांदा 213. म्हणजे लीक नव्हताच, माझे 20 लाखच होते. साइझ 50 हजार, डिस्कवर 4 जीबी, काल मुद्दाम राउटरची पिन काढून चार तास ठेवला, आरएसएस 70 च्या वर गेला नाही. क्रॉनची ओळ उडवली. देव बरें करूं.