जेलवर एक बँड आला म्हणजे झालं असं नाही

वर कोणीतरी म्हटलंय की जेलवर (प्रोटीनं आकारानुसार वेगळी करणारा थर) एकच बँड, म्हणजे पट्टा, दिसला की रिकॉम्बिनंट प्रोटीन (दुसऱ्या जिवात जीन घालून बनवून घेतलेलं) बरोबर आहे समजायचं, पण तेवढ्यावर थांबू नका हो, एकदा माल्डी-टॉफ (रेणूचं वस्तुमान मोजायची पद्धत) कराच. प्रोटीन सिनापिनिक ॲसिडमध्ये (लेझरची ऊर्जा शोषणारा पदार्थ) मिसळून प्लेटवर वाळवायचं, ३३७ नॅनोमीटरचा नायट्रोजन लेझर मारला की ते न तुटता आयन होऊन उडतं, मग नळीत हलकं आधी पोचतं, जड मागून. प्रोटीन बनवणाऱ्या ई. कोलाय जिवाणूने सुरुवातीचं मेथिओनिन (साखळीतलं पहिलं अमिनो ॲसिड) काढलंय का ठेवलंय, हा १३१ डाल्टनचा (रेणूच्या वस्तुमानाचं एकक) फरक जेलवर कसा दिसणार? इथे दिसतो, प्रोटीन फार मोठं नसेल तर.

आणि खुद्द रिकॉम्बिनेशन (डीएनएच्या तुकड्यांची अदलाबदल) बघायचं तर ऑप्टिकल ट्वीझर्स! लेझरने धरलेल्या दोन मण्यांमध्ये एकच डीएनए ताणून ठेवतात, त्यावर रेकए (रिकॉम्बिनेशन घडवणारं प्रोटीन) चढत गेलं की तो साधारण दीडपट लांब होतो आणि हे चालू असतानाच मोजता येतं, मला तर फारच भारी वाटतं हे.