मदत हवी आहे: कमी बजेटमध्ये गेमिंग पीसी, पण पुढे वाढवता येईल असा

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

गेमिंगसाठी नवा पीसी स्वतः असेंबल करायचा आहे. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झचा आहे, कीबोर्ड-माऊसही आहेत. खेळ दोन्ही तऱ्हेचे: एकीकडे व्हॅलोरंट, दुसरीकडे मोठे, जड, एकट्याने खेळायचे गेम. बजेट आवळलेलं आहे, म्हणून आत्ता जेमतेम मशीन, दोन-तीन वर्षांनी ग्राफिक्स कार्ड बदलायचं आणि त्यानंतर प्रोसेसर, असा बेत आहे. मदरबोर्ड (बोर्ड) मात्र तोच ठेवायचा.

सध्याची यादी: रायझन ५ ५६००, बी४५० बोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅमची एकच काडी, ५१२ जीबी सॅटा एसएसडी, आरटीएक्स ४०६० आणि कॅबिनेटसोबत येणारा ४५० वॅटचा पॉवर सप्लाय.

यात पुढे अडवणारं काय आहे? आणि पहिल्यांदाच जोडणी करणार असल्याने, चालू केल्यावर स्क्रीन काळी राहिली तर कुठून तपासायला सुरुवात करावी?

प्रतिसाद १

तुमचा बेत चांगला आहे, पण यादी त्याच्या उलट आहे. ग्राफिक्स कार्ड दोन वर्षांत बदलणारच आहात, म्हणजे आज तिथे थोडं कमी चालेल. जे बदलायचं नाही तिथे, म्हणजे बोर्ड, पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट यांत, हात आखडू नका. तुम्ही नेमकी तिथेच काटकसर केली आहे.

तुमच्या यादीतला ५६०० आणि बी४५० बोर्ड एएमडीच्या एएम४ सॉकेटचे (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा). त्यावर गेमिंगसाठीची शेवटची मोठी उडी म्हणजे २०२२ सालचा ५८००एक्स३डी. त्याच्या पुढे प्रोसेसर बदलायचा तर बोर्ड आणि रॅम दोन्ही नवे, कारण एएमडीच्या पुढच्या एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५ चालते. तुमचा ‘त्यानंतर प्रोसेसर’ हा टप्पा तिथेच मोडतो. इंटेलकडे पाहत असाल तर एलजीए१७०० वर १२व्या ते १४व्या पिढीचे प्रोसेसर बसतात, पण ऑक्टोबर २०२४ मध्ये एलजीए१८५१ आल्यावर तेही सॉकेट मागे पडलं. एएम५ २०२२ मध्ये आलं आणि रायझनच्या ७०००, ८००० व ९००० या तिन्ही मालिका त्याच सॉकेटवर बसतात. आज ७६०० टाकून नंतर ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी बसवता येईल असा सरळ रस्ता फक्त इथे आहे.

प्रोसेसर रायझन ५ ७६०० घ्या. ७५००एफ वेगाला जवळपास तसाच आहे, पण त्यात अंतर्गत ग्राफिक्स नाही. ७६०० मध्ये ते नावापुरतं असलं, तरी कार्ड बिघडलं की स्क्रीनवर चित्र येतं आणि दोष कार्डात आहे की बाकी मशीनमध्ये, हे लगेच कळतं. सोबत कूलरही मिळतो.

८५००जी दिसायला आकर्षक असतो, पण त्यापासून लांब राहा. तो ग्राफिक्स कार्डाला १६ ऐवजी फक्त ४ पीसीआयई लेन (डेटा जाण्या-येण्याच्या वाटा) देतो आणि त्याची एल३ कॅशे, म्हणजे प्रोसेसरमधली झटपट मेमरी, १६ एमबी आहे. ७६०० मध्ये ३२ एमबी आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावणाऱ्याने तो घेऊच नये.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला +१. बोर्डाबद्दल थोडी भर.

एएम५ वर बी६५० चिपसेटचा बोर्ड पुरेसा आहे. तुमच्यासारख्या बांधणीला एक्स मालिकेचा बोर्ड लागत नाही. नावाला फसू नका: बी८४० हा आकडा बी६५० पेक्षा नवा वाटतो, पण त्याच्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त चालवता येत नाही) आणि चिपसेटच्या लेन पीसीआयई ३.० च्या आहेत. पायरीने तो बी६५० च्या खालचाच.

बोर्ड निवडताना चार गोष्टी बघा. प्रोसेसरच्या डावीकडच्या आणि वरच्या वीज-पुरवठ्याच्या भागावर धातूचे हीटसिंक हवेत. अगदी स्वस्त ए६२० बोर्डांवर ते नसतात आणि पुढे आठ कोरचा प्रोसेसर टाकला की तो भाग तापून प्रोसेसर वेग कमी करतो. एसएसडीसाठी एम.२ चे किमान दोन स्लॉट हवेत. मागच्या बाजूला बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) फ्लॅशबॅकचं बटण हवं, म्हणजे जुन्या बायोसमुळे नवा प्रोसेसर ओळखला गेला नाही तरी फॅट३२ फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवरून बायोस अपडेट होतो, प्रोसेसर न लावतासुद्धा. चौथी गोष्ट म्हणजे निदानाचे चार छोटे दिवे: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. नवख्या माणसाला यांच्याइतका आधार दुसऱ्या कशाचा नाही.

रॅमची एकच काडी घ्यायची असेल तर १६ जीबीची घ्या. दुसरी सहा महिन्यांनी जोडता येईल.

प्रतिसाद ३

रॅमच्या शेवटच्या वाक्याशी असहमत. एका काडीने मेमरीची बँडविड्थ अर्धी होते, आणि १४४ हर्ट्झवर खेळणाऱ्याला त्याचा फटका सरासरी एफपीएसपेक्षा (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमपेक्षा) अधूनमधून बसणाऱ्या झटक्यांत जास्त जाणवतो. शिवाय सहा महिन्यांनी त्याच नावाची काडी आणली तरी आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात. मग दोघी मिळून ठरलेल्या वेगावर टिकतीलच असं नाही.

एकाच पाकिटातल्या १६-१६ च्या दोन काड्या घ्या, ६००० वेगाच्या, शक्यतो सीएल३० (हा रॅमच्या विलंबाचा आकडा, कमी तितका चांगला). सीएल३६ मिळाली तरी अडत नाही. ‘आत्ता ८-८ च्या दोन, नंतर आणखी दोन’ हा विचारही सोडून द्या. रायझन ७००० वर दोन काड्यांना अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या की तो ३६०० वर येतो. बोर्डावर चार खाचा आहेत म्हणून चारही भरणं डीडीआर५ मध्ये फायद्याचं नाही. ३२ जीबी झेपतच नसेल तर ८-८ ने सुरुवात करा आणि पुढे ती जोडी काढून दुसरी लावायची, हे आधीच धरून चाला.

प्रतिसाद ४

पॉवर सप्लायबद्दल कोणीच सविस्तर बोललं नाही, आणि यादीतली सर्वांत धोक्याची ओळ तीच आहे.

आजचा हिशोब बघा. ७६०० कमाल ८८ वॅटपर्यंत घेतो, ४०६० सुमारे ११५ वॅट, बोर्ड, पंखे, एसएसडी मिळून ५०-६० धरा. २७० च्या आत भागतं, म्हणून ४५० पुरेसे वाटतात. पण कॅबिनेटसोबत येणाऱ्या डब्यावर लिहिलेले ४५० वॅट पुष्कळदा ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइन धरून असतात. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवर चालतात. बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टचा वेगळा आकडा असतो, तो वाचा. चांगल्या युनिटमध्ये तो एकूण वॅटच्या जवळपास असतो.

आता पुढचं. आरटीएक्स ५०७० सारखं कार्ड २५० वॅटचं आहे आणि एनव्हिडिया त्यासाठी ६५० वॅटचा सप्लाय सुचवते. शिवाय कार्ड काही मिलिसेकंदांपुरतं आपल्या ठरलेल्या आकड्याच्या खूप वर उसळी मारतं. कच्चा सप्लाय त्या क्षणी संरक्षणात जातो आणि मशीन गेम ऐन रंगात असताना झटकन बंद पडतं. लोक कार्डाला दोष देत बसतात. म्हणून ७५० वॅट, एटीएक्स ३.१ या सप्लायच्या मानकाचा, दीर्घ वॉरंटीचा घ्या. ८० प्लस गोल्ड हा शिक्का फक्त कार्यक्षमतेचा आहे. संरक्षण सर्किट कसं आहे हे त्यातून कळत नाही, त्यासाठी त्या मॉडेलची खोलून केलेली चाचणी वाचा.

एक इशारा: मॉड्युलर सप्लायच्या केबल दुसऱ्या मॉडेलला कधीही लावू नका. सप्लायकडच्या टोकाची पिनरचना कंपनीगणिक बदलते. सॉकेटमध्ये केबल नीट बसते, आणि चुकीचा व्होल्टेज गेल्याने सॅटा एसएसडी जळू शकते.

प्रतिसाद १ (पुन्हा)

सहमत. हा सप्लाय पुढची दोन कार्डं सहज पाहील.

ग्राफिक्स कार्डाचं थोडक्यात सांगतो. ४०६० ला ८ जीबी व्हीरॅम (कार्डावरची स्वतःची मेमरी) आणि ८ लेन आहेत. तुमचा बी४५० पीसीआयई ३.० चा, तिथे ८ लेन म्हणजे सुमारे ८ जीबी प्रतिसेकंद. बी६५० वर तेच दुप्पट. व्हीरॅम पुरते आहे तोवर फरक किरकोळ असतो, पण जड गेममध्ये ती भरली की कार्ड मुख्य रॅमकडे धावतं, आणि तेव्हा अरुंद वाट चांगलीच जाणवते. बजेटमध्ये इंटेलचं १२ जीबीचं आर्क बी५८० किंवा एएमडीचं १६ जीबीचं आरएक्स ९०६० एक्सटी बसत असेल तर ते घ्या. आर्क घेतलंत तर बायोसमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू असायलाच हवं. ते बंद असेल तर कार्ड निम्म्या दमावर चालल्यासारखं वाटतं. कार्ड दोन वर्षांनी जाणारच असेल तर ८ जीबीचं घेऊन टेक्श्चर ‘मीडियम’ ठेवणंही चुकीचं नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. नवी यादी: ७६०० सोबतच्या कूलरसह, बी६५० मायक्रो-एटीएक्स, १६-१६ जीबी डीडीआर५ ६०००, १ टीबी एनव्हीएमई, ७५० वॅट, आणि कार्ड ९०६० एक्सटी किंवा ४०६०, जे बसेल ते. कॅबिनेट निवडताना मोजमाप कसं घ्यावं?

प्रतिसाद २

कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये बघा. आजचं दोन पंख्यांचं कार्ड २४० च्या आसपास असतं, पुढचं ३३० पर्यंत जाऊ शकतं. कॅबिनेटचा आकडा बहुधा पुढचे पंखे न धरता दिलेला असतो, त्यातून पंख्याचे २५ मिमी वजा करा. पुढे टॉवर कूलर लावाल तर उंचीला १६० मिमी तरी मोकळे हवेत. समोर जाळी हवी; बंद काचेची समोरची बाजू दिसते छान, पण हवा अडते. पंखे तीन पुरतात: दोन समोरून आत, एक मागून बाहेर.

एसएसडी घेताना ‘एम.२’ एवढं वाचून थांबू नका. एम.२ आकारात सॅटा ड्राइव्हही येतात. सॅटापेक्षा वेगवान ‘एनव्हीएमई’ लिहिलेलं हवं.

प्रतिसाद ३

जोडणी आणि काळी स्क्रीन.

बोर्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधी त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅम आणि सप्लायच्या २४ व ८ पिनच्या केबल लावा, मॉनिटर बोर्डाच्या पोर्टला जोडा आणि पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने क्षणभर टेकवा. ७६०० मध्ये ग्राफिक्स असल्याने कार्डाशिवाय बायोस दिसतो. दोष असेल तर सगळं स्क्रूने आवळण्याआधीच कळतो.

एएम५ मध्ये पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरला नाही. त्रिकोणाची खूण जुळवून प्रोसेसर सरळ खाली ठेवा, दाबू नका. वरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण आधी काढू नका. खटका बंद करताना ते आपोआप उडतं. सोबतचा कूलर लावण्यासाठी सॉकेटशेजारच्या दोन प्लॅस्टिक पट्ट्या चार स्क्रू काढून बाजूला करा, मागची पट्टी जागेवरच राहते. कूलरचे स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. त्याला थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) आधीच लावलेली असते.

रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. काडी ‘खट’ आवाज येईपर्यंत दाबा. एक टोक अर्धवट राहणं ही काळ्या स्क्रीनची नेहमीची जागा. प्रोसेसरची ८ पिन केबल आणि कार्डाची ६+२ केबल सारख्या दिसतात, पण प्रोसेसरची ४+४ अशी फुटते.

पहिल्यांदा चालू केल्यावर डीरॅमचा दिवा लागून स्क्रीन काही मिनिटं काळीच राहील. बोर्ड रॅमची जुळणी करतो आहे. घाबरून वीज तोडू नका, नाहीतर जुळणी पहिल्यापासून सुरू होते. पंधरा मिनिटांनीही दिवा तसाच असेल तर वीज बंद करून एकच काडी प्रोसेसरपासूनच्या दुसऱ्या क्रमांकाच्या खाचेत ठेवून बघा. व्हीजीए दिवा लागला तर कार्ड काढून पुन्हा बसवा. सगळे दिवे विझले आणि तरी चित्र नाही, तर मॉनिटरची केबल कार्डाऐवजी बोर्डाच्या पोर्टला लागली आहे का ते पाहा.

प्रतिसाद ४

बायोसमध्ये एक्स्पो (रॅमला तिचा जाहीर वेग लावणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वर धावत राहते. त्यानंतर जुळणी पुन्हा एकदा होईल. टास्क मॅनेजरमध्ये वेग तपासा, रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एक जरी चूक दिसली तर रॅम ५६०० वर आणा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ स्वतः निवडावं लागतं, मुळात ते ६० वर असतं. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० (सुरक्षा-किल्ल्या ठेवणारा भाग) आणि सिक्युअर बूट (फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअरने मशीन सुरू होऊ देणारी सेटिंग) लागतात, म्हणून विंडोज यूईएफआय या नव्या बूट पद्धतीनेच, जीपीटी विभागणीच्या डिस्कवर टाका.

पुढे प्रोसेसर बदलाल तेव्हा बायोस जुन्या प्रोसेसरवरच अपडेट करून घ्या. आणि बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी दुसरीकडे लिहून ठेवा. टीपीएम प्रोसेसरच्या आत असल्याने नवा प्रोसेसर लावताच विंडोज ती मागते, आणि की नसेल तर ड्राइव्हवरचा डेटा उघडत नाही.