मागचं दार उघडलं की मशीन बंद: तो बिघाड नाही

भाऊ, तुमच्या जुन्या व्हिडिओ गेम मशीनच्या कॅबिनेटचं (म्हणजे पेटीचं) मागचं दार उघडल्याबरोबर मशीन बंद पडतं म्हणून तुम्ही दाराजवळच्या स्विचच्या दोन्ही वायरी पिळून टेप लावली, असं लिहिलंय. कृपा करून ती टेप आजच काढा. तो इंटरलॉक स्विच आहे, वॉशिंग मशीनच्या झाकणाला असतो त्याच जातीचा. दार लागलं की स्विचची दांडी दाबली जाते आणि करंट चालू, उघडलं की बंद.

अटारी या अमेरिकन गेम कंपनीच्या जुन्या कॅबिनेटमध्ये असतो तसा प्रकार असेल, तर त्याच्या तीन स्थिती असतात. दांडी दाबलेली, चालू. मोकळी, बंद. आणि बोटांनी बाहेर ओढलेली, पुन्हा चालू. ही तिसरी दुरुस्तीसाठीच दिलेली. दार लावलं की दांडी आपोआप मूळ जागी ढकलली जाते. कारागीर विसरला तरी दार विसरत नाही. मला ही रचना फार आवडते.

भुसावळला एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये मी अशीच वायर जोडलेली पाहिलीय. मशीनमागे पोरं चेंडू शोधायला शिरायची. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

एक मात्र लक्षात ठेवा, हा स्विच फक्त मेन्स, म्हणजे भिंतीतून येणारी वीज, तोडतो. पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्टचा चार्ज बंद केल्यावरही राहतो. तो माहीतगार टीव्ही मेकॅनिककडूनच उतरवून घ्या. आणि मशीन अमेरिकन असेल तर आपल्या २३० व्होल्टवर लावण्याआधी ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टचा आहे ते बघा.

दांडी अडकत असेल तर आपल्या जळगावच्या धुळीनं असेल. आधी प्लग काढा, मग साफ करा. तरी अडकली तर स्विचच बदला.