मिक्सर तीन वर्षांत गेला, आणि म्हणे चूक आमचीच!

खोबरं_कोथिंबीर
परवा इथंच एका सदस्याने लिहिलं, "जुन्या वस्तू टिकायच्या हा निव्वळ गहिवर आहे. नव्या टिकत नाहीत, कारण लोकांना त्या वापरता येत नाहीत." तिथं दोन ओळी खरडायला बसले, राग काही मावेना, म्हणून वेगळा धागा.

आमच्या मिक्सरचं वय तीन वर्षं दोन महिने. वॉरंटी दोन वर्षांची. रविवारी ओल्या नारळाचं वाटण लावलं, तर चटणीच्या भांड्याखाली काळं पाणी. भांडं उलटं केलं. पात्याचा दांडा धरणारी नळी, म्हणजे बुश, झिजलेला, दांडा बोटानं डुगडुगतोय, आणि त्याचा काळा चिकटा वाटणात उतरलेला. पाहुणे बाहेर बसलेले. सगळं वाटण बेसिनमध्ये ओतलं.

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने भांडं हातातही घेतलं नाही. "मॅडम, बुश सुटा येत नाही. पूर्ण जार घ्यावा लागेल, 1,150." करंगळीच्या पेराएवढ्या नळीसाठी साडेअकराशे! आईकडचा सुमीत कंपनीचा मिक्सर 1986 चा आहे. आवाज गिरणीसारखा, पण चालतो. आता सांगा मला वापरायचं कसं ते.

खडूस_काका
तो "एक सदस्य" मीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

आईचा सुमीत दिसतो, कारण तो उरलाय. त्याच साली घेतलेले आणि भंगारात गेलेले मिक्सर कुणाच्या आईकडे दिसणार? दुसरं, तेव्हा मिक्सर घ्यायला घरात चार महिने चर्चा व्हायची, हप्ते पडायचे. आज सेल लागला की रात्री बारा वाजता बटण दाबून मोकळे. आणि मिक्सरच्या बुडाला चिकटवलेलं लेबल कधी वाचलंय? बहुतेकांवर 30 मिनिटांचं रेटिंग असतं, तेही मध्ये थांबून थांबून. आपल्याकडे दिवाळीत भाजणीचं पीठ त्यावरच. शिवाय मिक्सर घरात नक्की कोण वापरतं? कामवाल्या बाई असतील तर विषयच संपला.

वाटणवाली
हे "कामवाल्या बाई" कुठून आलं? माझी आई तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरी वाटण करत होती. तिच्या हातून एकही मिक्सर जळला नाही. जळायचे ते साहेबांनी रविवारी हौसेनं बटाटेवड्याची चटणी करताना. तळाचं लाल बटण उडालं की दोन मिनिटं थांबायचं असतं, हेही त्यांना आईनेच शिकवलं.

खडूस_काका
व्यक्तिशः घेऊ नका. सर्वसाधारण निरीक्षण होतं.

वाटणवाली
तुमचं निरीक्षण सर्वसाधारण, आणि आमची आई व्यक्तिगत. वा.

जुनी_पानं
काकांच्या "वापरता येत नाही" या मुद्द्यावर एक आठवण. सुमीतचा जन्मच या भांडणातून झाला. माथुर नावाच्या इंजिनिअरांच्या घरचा जर्मन मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकेना, म्हणून त्यांनी 1963 च्या सुमारास मुंबईत इथल्या स्वयंपाकाला पुरेल अशी मोटर घालून मिक्सर बनवायला घेतला. "बायकांनो, हळद नका दळू" असं सांगत बसले नाहीत. यंत्र बदललं.

बाकी वस्तू मुद्दाम कमी टिकवायचा हा कट जुनाच आहे. 1924 मध्ये जिनिव्हात बल्ब कंपन्यांनी टोळी करून बल्बचं आयुष्य 1,000 तासांवर आणून ठेवलं होतं.

खडूस_काका
आला फीबस, तीच ती बल्बवाल्यांची टोळी! टिकाऊपणाच्या प्रत्येक धाग्यात त्याची आरती झालीच पाहिजे. जास्त तास जळणारा बल्ब त्याच विजेत कमी उजेड देतो, हे मात्र कुणी सांगत नाही.

जुनी_पानं
सांगतो की. आणि ठरवल्यापेक्षा जास्त टिकणारे बल्ब बनवणाऱ्यांना ती टोळी दंड करायची, हेही सांगतो. उजेडासाठीच करत असतील, नाही का?

निसर्गस्नेही
मुळात मिक्सर हवाच कशाला? आमच्याकडे कोकणात अजून पाटा-वरवंटा आहे. पन्नास वर्षं झाली. ना वॉरंटी, ना बुश. चवही वेगळीच.

खोबरं_कोथिंबीर
वाटायला कोण बसतं?

निसर्गस्नेही
वहिनी. पण तिला आवडतं.

वाटणवाली
😂 वहिनींना इथं खातं उघडून द्या. त्यांच्याकडूनच ऐकू.

सांधेदुखी
माझ्या सासूबाईंचे गुडघे पाट्यापायी गेले. पन्नास वर्षं टिकला तो पाटा, बाई नाही टिकली. कृपया हा गोडवा बंद करा.

निसर्गस्नेही
व्यायाम असतो तो. आजच्या पिढीला जिमला पैसे भरायला चालतात.

सांधेदुखी
मग उद्यापासून तुम्ही बसा पाट्यावर. जिमचे पैसे वाचवा आणि फोटो टाका.

जुनी_पानं
पाट्यालाही दुरुस्ती लागतेच हो. गुळगुळीत झाला की टाकी लावावी लागते. आमच्या गल्लीत छिन्नी-हातोडा घेऊन टाकीवाली यायची, "टाकीऽऽ" अशी आरोळी देत. दगड तोच, धार नवी. "पाटा सुटा दुरुस्त होत नाही, वरवंट्यासकट नवा घ्या" असं म्हणाली असती, तर आजीने तिला दारात उभं केलं नसतं.

सदू_वायरमन
मी हेच काम करतो, बावीस वर्षं झाली. दोन्हीकडची बाजू सांगतो.

ताईंचा बुश सुटा मिळतो. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत जा, मुंबईत लोहार चाळीत. भांडं सोबत न्या, मापाला लागतं. खालचा कपलर, म्हणजे भांडं मोटरला जोडणारा तुकडा, काढताना बघून, बऱ्याच भांड्यांना आटे उलटे असतात. सेंटरवाल्या पोराला शिव्या देऊ नका, त्याला सुटा पार्ट पाठवतच नाहीत.

काकांचंही थोडं खरं आहे. भांडं काठोकाठ भरतात, पाणी घालत नाहीत, मोटर कण्हायला लागली तरी बटण सोडत नाहीत. मग आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, जळतं. पण हल्ली स्वस्त मशीनमध्ये तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची वायर येते. तापते लवकर, आणि वायर नव्याने गुंडाळायचा, म्हणजे रिवाइंडिंगचा, खर्च नव्या मिक्सरच्या जवळ जातो. गिऱ्हाईक म्हणतं, राहू दे. त्यात माझं गिऱ्हाईक जातं, तुमचे पैसे जातात.

ल्यॉंकर
इथे फ्रान्समध्ये 2021 मध्ये मोबाईल, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीनवर दुरुस्तीला वस्तू किती सोपी याचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं झालं. सुटे भाग मिळतात का, किंमत काय, उघडता येतं का, सगळं धरून. दुकानात किमतीशेजारीच आकडा.

खडूस_काका
आपल्याकडे छापले तर लोक दहापैकी चारवालाच घेतील. तीनशे रुपयांनी स्वस्त असला म्हणजे झालं.

खोबरं_कोथिंबीर
छापा तरी! मग घेतला तर म्हणा चूक आमची. आपल्या ग्राहक खात्यानेही 2022 च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. तिथं माझा मिक्सर शोधला. हाती काय लागलं? सर्व्हिस सेंटरचा फोन नंबर. त्याच सेंटरचा.

वाटणवाली
1915 वर तक्रार नोंदवा. ग्राहक हेल्पलाइन आहे. माझ्या इस्त्रीचं काम झालं होतं तिथून.

खोबरं_कोथिंबीर (चार दिवसांनी)
बुश मिळाला. 60 रुपये, बसवायचे 50. दुकानदाराने माझ्यासमोर जुना ठोकून काढला, नवा बसवला, पाणी भरून फिरवून दाखवलं. दहा मिनिटं. सदूभाऊ, आभार. आटे उलटे आहेत हे वाचायच्या आधीच मी घरी पकड लावून कपलर मोडला होता, त्याचे 40 वेगळे.

खडूस_काका
म्हणजे थोडी चूक वापरणाऱ्याचीही होती.

खोबरं_कोथिंबीर
चाळीस रुपयांची. तेवढी कबूल. उरलेल्या हजाराचं बोला.

खडूस_काका
बोलतो नंतर. ते तपकीर गल्लीतलं दुकान नक्की कुठल्या बाजूला आहे? आमच्याही भांड्याखालून जरा काळं येतंय.